आपण नेमके काय करीत होता?

बावीस वर्षे एका कचेरीच्या एकाच खुर्चीत इमानेइतबारे झिजल्यानंतर ती खुर्ची अकस्मात अतिरिक्त ठरली आणि तिच्यासमवेत मीही अतिरिक्त ठरलो, या घटनेने मला जितका विषाद झाला त्याहून कितीतरी अधिक उत्साह आमच्या आप्तेष्टांना चढला. कारण स्वतः नोकरीत सुखरूप असलेल्या मनुष्यास दुसऱ्याला धंद्यात लोटण्याइतके स्वस्त पुण्यकर्म आपल्याकडे दुसरे नाही. दरमहा निवृत्तिवेतन मोजून घेणारे आमचे मामा, मराठी माणसाने आता तरी चाकरीचा मोह सोडावा, असे तासभर बजावून गेले, आणि जाताना रिक्षाचे भाडे माझ्याकडून घेऊन गेले.

प्रथम मी हक्काच्या रकमेची चौकशी केली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपात झालेल्या कामगारास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देवविले होते. त्या हिशेबाने माझे ३३० दिवसांचे वेतन निघत होते. परंतु आठ वर्षांपूर्वी वेतनवाढीच्या ऐवजी कचेरीने मला 'सहायक व्यवस्थापक' हा किताब बहाल केला होता, मी तो पेढे वाटून स्वीकारला होता, आणि व्यवस्थापक हा त्या कायद्याच्या लेखी कामगारच नव्हे! वकीलसाहेबांनी धीर दिला, "न्यायालय नुसते पदनाम पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहते. आपण नेमके काय करीत होता?" मी पुष्कळ आठवून पाहिले. वरून आलेले कागद खाली आणि खालून आलेले वर धाडीत होतो, याहून अधिक काही स्मरेना. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला व सल्ल्याची फी घेतली.

राज्यसेवा परीक्षेचे दार खुल्या प्रवर्गास ३८ व्या वर्षी बंद होते. मी ४७ वर्षांचा. घरांच्या दलालीस एके काळी पायात चपला आणि तोंडात पान एवढे भांडवल पुरत असे. तिथेही महारेराने २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षा आणून ठेवल्या आहेत. विमा प्रतिनिधी होण्याचा मनोदय मी बोलून दाखवला मात्र, आप्तेष्टांची वर्दळ एकाएकी थांबली. त्या व्यवसायापासून झालेला हा लाभ मी आजही कृतज्ञतेने स्मरतो.

उरला वडापाव. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास जन्मलेल्या या खाद्याने अनेकांचे संसार उभे केले, हे मामांचे भाषण ऐकून मी नाक्यावरच्या गाडीवाल्याकडे उमेदवारी मागण्यास गेलो. तो घाणा उतरवीत होता. "साहेब, पहाटे चारला बटाटे उकडायला घ्यावे लागतात. तेलाचा ताव कळायला मला दोन वर्षं लागली," तो म्हणाला. "तुम्हाला काय काय येतं?" पुन्हा तोच प्रश्न! तक्ते, अहवाल, बैठकीचे इतिवृत्त, असे मी चाचरत सांगितले. त्याने माझ्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहिले.

मात्र 'इतिवृत्त' हा शब्द ऐकून त्याने हात पुसले आणि पावांच्या लादीखालून एक कागद काढला. महापालिकेची नोटीस होती. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचा हवाला, कलमे, उपकलमे, आणि दोन आठवड्यांत खुलासा सादर करण्याचे फर्मान. त्या गरिबास त्यातील एक ओळ उमगली नव्हती. मला मात्र माहेरचे पत्र आल्यासारखे वाटले. रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर बसून मी 'उपरोक्त विषयास अनुसरून' असा आरंभ केला आणि पाऊण तासात, कुठल्याही प्रश्नाचे सरळ उत्तर न देणारा, तरीही कोणासही फेटाळता येऊ नये असा खुलासा सिद्ध केला.

दुसऱ्या दिवशी त्या डब्यापाशी भाजीवाली, चावीवाला आणि इस्त्रीवाला आपापले कागद घेऊन उभे होते. कचेरीबाहेर बसून असे काम करणाऱ्यास पूर्वी अर्जनवीस म्हणत. पहिल्या अर्जाचा मेहनताना एक वडापाव ठरला होता. सुकी चटणी मात्र मागून घ्यावी लागली.