हेड चोक झालंय

नवी चादर पाहुण्यांसाठी, काचेचे कप सोयरिकीच्या बैठकीसाठी आणि भारीतली साडी कोणाच्या तरी पुढच्या लग्नासाठी. वस्तू वापरली नाही म्हणजे ती टिकते, या श्रद्धेवर कळमनुरीतली निम्मी कपाटं उभी आहेत. पावसावर शेती सोपवलेल्या मुलखात काटकसर हा आधी नाइलाज असतो, मग सवय होते आणि तिसऱ्या पिढीत तिला संस्कार म्हणतात. या संस्काराला सुरुंग लावला तो दोनेक किलो वजनाच्या, पिशवीत मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या इंकजेट प्रिंटरने.

आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींना पुण्याच्या मुलाने तो पाठवला. गुरुजींनी त्यावर नातवाचा एक फोटो काढला, वाहवा मिळवली आणि यंत्र पुसून, वर भरतकामाचा रुमाल टाकून कपाटात ठेवलं. शाई महाग, उगाच कशाला काढायची! पुढे उन्हाळा गेला, पावसाळा गेला. नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची गडबड सुरू झाली तेव्हा गुरुजींनी यंत्र बाहेर काढून स्वतःचा फोटो छापला. निळा आणि लाल दोन्ही रंग अडलेले, एकटा पिवळा तेवढा शाबूत. हयातीच्या दाखल्यासाठी निघालेले गुरुजी कागदावर थेट हळद लावून बोहल्यावर चढायला निघाल्यासारखे उमटले. हळदीचा जिल्हा आमचा, पण इतकी अपेक्षा प्रिंटरकडून कोणी केली नव्हती.

तहसीलसमोरच्या दुकानातल्या पोराने कागद उजेडात धरला आणि निदान केलं, ‘हेड चोक झालंय, गुरुजी.’

‘अरे, पण मी तर तो वापरलाच नाही!’

‘म्हणूनच झालंय.’

चाळीस वर्षं पोरांना ‘जपून वापरा’ सांगितलेल्या माणसाला हे वाक्य पचणं कठीण. पण पोराचं खरं होतं. या प्रिंटरच्या हेडला शाई सोडायची भोकं असतात, त्यांना नोझल म्हणतात. एकेक नोझल माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढं. त्यातून उडणारा थेंब काही पिकोलिटरचा. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोलिटर. एवढ्याशा दारात शाईने उभं राहायचं आणि अट अशी, की कागदावर पडताक्षणी वाळायचं, पण दारात उभं असताना मुळीच वाळायचं नाही. त्यासाठी शाईत ओल धरून ठेवणारी ग्लायकोलसारखी द्रव्यं घालतात. पण ती द्रव्यं बनवणाऱ्यांनी कळमनुरीचा मे महिना पाहिला असेल असं वाटत नाही. इथे पारा बेचाळीसच्या वर गेला की घागरीतलं पाणी दुपारपर्यंत निम्मं होतं, तिथे पिकोलिटरची काय कथा! त्यातही या प्रवासी यंत्रांची कार्ट्रिज चिमुकली. मुळात शाई थोडी, म्हणून ती पुरवून वापरायची; आणि पुरवून वापरली म्हणून ती वाळायची.

लाइटचं दुखणं वेगळंच. काम संपलं की हेड सरकत कोपऱ्यात जातं, तिथे त्याच्या तोंडावर रबरी टोपी बसते आणि शाई ओली राहते. हे सगळं प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटनाने बंद केला तर. दुकानातले मोठे प्रिंटर मात्र मधेच लाइट गेली की वाटेतच उभे राहतात, उघड्या तोंडाने. शिवाय रात्री दुकान बंद करताना भिंतीवरच्या बोर्डाचं एकच बटन दाबून सगळं विझवायची आपली जुनी शिस्त. बॅटरीवाल्या प्रिंटरला ही भीती नाही. म्हणून तर तो मोटारसायकलच्या डिक्कीत बसून बाळापूर, वारंगा फाटा असा हिंडतो, पीक विम्याच्या हंगामात झाडाखाली फॉर्म छापतो. हिंडतो तोवर तो ठणठणीत असतो. हंगाम संपून घरी बसला की आजारी पडतो. याबाबतीत तो आणि गुरुजी एकाच स्वभावाचे.

उपचारांची आमच्याकडे वाण नाही. पहिला उपाय यंत्राच्या पोटातच असतो, हेड क्लिनिंगचा. बटन दाबलं की ते घुरघुरतं, आतून शाई ओढून नोझलमधून खेचतं आणि वाळलेलं सुटतं का पाहतं. ही ओढलेली शाई जाते कुठे, तर तळाशी ठेवलेल्या स्पंजाच्या गादीत. म्हणजे छपाईत वाचवलेली शाई सफाईत खर्ची पडते. सफाई फार झाली तर गादी भरते आणि काही यंत्रं ‘गादी भरली’ एवढ्याच कारणावरून संप पुकारतात. थेंबाथेंबाने काटकसर करून गादी भरणाऱ्यांचा हिशेब गुरुजींनी गणिताच्या तासाला कधी घातला नव्हता, आता घातला असता.

दुसरा उपाय पाण्याचा. बोअरचं पाणी चालत नाही. त्यातला क्षार बादलीवर पांढरी पुटं चढवतो, तो नोझलला काय सोडणार! लागतं डिस्टिल्ड वॉटर, आणि ते मिळतं इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात. मागताना फक्त ‘पाणी’ हा शब्द ठासून म्हणावा, कारण शेजारच्याच कॅनमध्ये ॲसिड असतं. पाणी कोमट करायचं, टिश्यू पेपरची घडी भिजवायची आणि सुटं निघणारं हेड किंवा कार्ट्रिज त्यावर तोंड टेकवून रात्रभर ठेवायचं. तांब्याचे चकचकीत टिपके मात्र ओले होऊ द्यायचे नाहीत. सकाळी घडीवर चारही रंगांचे डाग उमटले, की घरातली माणसं हायसं वाटून चहा टाकतात.

तिसरा उपाय इंजेक्शनच्या सिरिंजने पाणी दाबून मारण्याचा. तो उतावळ्यांचा आहे. जोर जास्त झाला की नोझलसकट सगळं कायमचं मोकळं होतं. गंमत अशी की या यंत्राच्या जन्माच्या कथेतही सिरिंजच आहे. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या इचिरो एंडो या संशोधकाच्या टेबलावर तापलेली डाख देण्याची कांडी शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा होतो आणि तो शाईला बाहेर ढकलतो, ही युक्ती तिथे सापडली. पुढे एचपी कंपनीने १९८४ साली बाजारात आणलेल्या थिंकजेटला नोझल होती बारा. आताच्या हेडमध्ये ती शेकड्यांनी असतात, म्हणजे चोक व्हायच्या जागाही शेकड्यांनी वाढल्या. यालाच प्रगती म्हणतात.

त्याच्याही आधी, १९५१ साली, शाईची धार उडवून हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्राचं पेटंट स्वीडनच्या रूने एल्मक्विस्ट यांनी घेतलं होतं. शिक्षणाने ते डॉक्टर. १९५८ साली माणसाच्या शरीरात पहिल्यांदा बसवलेला पेसमेकरही त्यांनीच तयार केला. दोन्ही यंत्रं एकाच माणसाच्या हातची, हे कळल्यावर मला गुरुजींच्या प्रिंटरचा खरा आजार उमगला. हृदय जपून ठेवता येत नाही. उद्यासाठी चार ठोके शिल्लक टाकू, असं म्हणणाऱ्याचं आज काय होईल ते सांगायला नको. प्रिंटरलाही जोराचा झटका नको असतो, लांबलचक आरामही नको असतो. आठवड्याला एक रंगीत पान, एवढी संथ नाडी चालू असली की पुरते.

हे गुरुजींना पटलं, पण प्रश्न उरला की दर आठवड्याला छापायचं काय. कामाशिवाय कागद काळा करणं त्यांच्या तत्त्वात बसेना. तोडगा काकूंनी काढला. आता बाजाराच्या दिवशी गुरुजी भाजीची यादी छापतात. मजकूर काळ्यात, आणि पुढे चित्रं: वांगं जांभळं, टोमॅटो लाल, लिंबू पिवळं, मेथी हिरवी. चारही शाया कामाला लागतात. कोथिंबिरीच्या जुडीपेक्षा यादीच महाग पडते, अशी काकूंची तक्रार आहे. पण मेथी हिरवीगार छापून आली, की गुरुजी ती बाजारातून आणायची विसरले तरी घरात कोणी रागवत नाही.