लॅम्डादादा

गाडीवेडे दोन जातीचे असतात. एक गाडी पळवतो. दुसरा, गाडी पळालीच तर कशी पळेल याचा हिशोब मांडत बसतो. गारगोटीत या दुसऱ्या जातीचा अव्वल नमुना म्हणजे लॅम्डादादा. नाव अर्थातच चहाच्या टपरीनं ठेवलेलं.

दादांकडं एक जुनी एमपीएफआय जिप्सी आहे, तेराशे सीसीची. पाटगावच्या पावसात, रांगण्याच्या वाटेवर ती घालायची असा त्यांचा बेत. त्यासाठी कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिनला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर, काढून त्यांनी बाहेरचा, लॅपटॉप लावून हवा तसा बदलता येणारा ईसीयू आणला. वायरिंग झालं. इथं कुणीही चावी फिरवली असती. दादा थांबले. "मिक्श्चर कळल्याबिगर इंजन सुरू करायचं? डोळं झाकून आमटीत मीठ घालायचं हाय व्हय?"

बोलणं चुकीचं नाही. गाडीत मूळ असतो तो नॅरोबँड सेन्सर. धुरात ऑक्सिजन जास्त की कमी, म्हणजे मिक्श्चर लीन की रिच, एवढंच तो सांगतो. किती, ते सांगत नाही. नवा ईसीयू सेट करताना नेमका तो 'किती'च लागतो. फुल्ल रेसला मिक्श्चर लीन राहिलं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. म्हणून वाइडबँड, तो 'किती' सांगणारा सेन्सर.

शेजारच्या गॅरेजच्या मिस्त्रींना हे पटत नाही. "प्लग काढून बघायचा. विटकरी आला की इषय कट."

"मिस्त्री, तुमचा प्लग झालेलं सांगतोय. मला तिसऱ्या गिअरात आत्ता काय चाललंय ते पायजे."

"मग तिसरा गिअर पडू दे की आधी!"

तो अजून पडलेला नाही. कारण सेन्सर कोणता, हे ठरायचं आहे. बॉशचा एलएसयू ४.२ की ४.९? ४.२ जुना, तुलनेसाठी बाहेरची हवा आत घेणारा. ४.९ ला त्याची गरज नाही, म्हणून तो जास्त टिकाऊ. झालं, ४.९ ठरला. मग रात्रीत दादांना एनटीके या दुसऱ्या कंपनीच्या सेन्सरची आठवण झाली. सकाळी टपरीवर पुन्हा पहिल्यापासून.

सेन्सर ठरला तरी तो नुसता चालत नाही. आतला हीटर त्याला साधारण ७८० अंशांवर धरून ठेवतो, आणि ते सांभाळायला वेगळा कंट्रोलर लागतो. काही महागड्या ईसीयूत तो आतच असतो. दादांच्या स्वस्तातल्या ईसीयूत नाही. मग इनोव्हेट की एईएम? इनोव्हेटचा कंट्रोलर आधी मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावा लागतो. आता गारगोटीत मोकळी हवा कुठली? ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा धूर, वर गुऱ्हाळांचा. दादांनी ठरवलं, भुदरगडावर जायचं. किल्ल्यावर चढून, हातात सेन्सर आणि खांद्यावर बॅटरी! एका विज्ञानाच्या मास्तरांनी समजावलं, "अहो, ऑक्सिजन इथंबी एकवीस टक्के आणि गडावरबी एकवीस टक्केच. सायलेन्सरपासून लांब धरा, बास." दादांनी मान डोलावली आणि एईएमचा विचार सुरू केला. त्याला कॅलिब्रेशनच नको.

दादांच्या शर्टाच्या खिशात कायम एक मेलेला सेन्सर असतो. कुणा पोरानं वायर आखूड पडते म्हणून कनेक्टर कापून नवा जोडला होता. दादा ती कापलेली टोकं उलगडून दाखवतात. "सेन्सरला वायरी पाच, पण कनेक्टरला पिना सहा. का? त्या कनेक्टरच्या पोटात एवढासा रेझिस्टर असतो. प्रत्येक सेन्सरचा येगळा, कारखान्यातनं मोजून दिलेला. ह्यानं त्योच कचऱ्यात टाकला!" हे सांगताना त्यांचा आवाज घोगरा होतो. सख्ख्या चुलत्याच्या दहाव्यालाही तो तसा झाला नव्हता, असं वहिनी सांगतात.

पेट्रोलचंही आहेच. निव्वळ पेट्रोलला एक भाग इंधनामागं १४.७ भाग हवा. इथेनॉल मिसळलेल्या ई२० ला हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. मग मीटर कोणत्या आकड्याचं घ्यायचं? यावर दादांचं उत्तर तयार असतं: आकडे सोडा, लॅम्डा बघा. पेट्रोल असो, इथेनॉल असो, हिशोब बरोबर जुळला की लॅम्डा एक. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे पाठच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. टपरीवरच्या पोऱ्याला आहे.

एवढं खरं, की दादांचं ऐकणाऱ्यांचं भलं झालं. कापशीकडच्या एकानं त्यांच्या सांगण्यावरून अठरा एमएमचा नट मॅनिफोल्डच्या पुढं वेल्ड करून घेतला. सेन्सर आडवा न ठेवता दहा-पंधरा अंश वर बसवला, म्हणजे गार इंजिनातलं पाणी त्याच्यावर साचून आतलं सिरॅमिक तडकत नाही. जॉइंटला सिलिकॉन लावायचं नाही, ते सेन्सर मारतं. सायलेन्सर कुठं गळत असेल तर आधी ते बंद करायचं, नाहीतर बाहेरची हवा आत शिरून सगळं लीन दिसतं. कंट्रोलरचं आणि ईसीयूचं अर्थिंग एकाच जागी घ्यायचं, नाहीतर मीटर एक सांगतं आणि लॅपटॉप दुसरंच. त्या माणसाची गाडी आज झकास पळते. तो दादांना पेढे द्यायला आला, तेव्हा दादांनी पेढा घेतला आणि विचारलं, "४.९ घेतलास न्हवं? जरा थांबला असतास. आता एलएसयू एडीव्ही बी हाय."

जिप्सीखाली वहिनींच्या कोंबड्या अंडी घालतात. वहिनींची सेन्सरबद्दल काहीच तक्रार नाही. गाडी सुरू झाली तर खुराडं बांधावं लागेल, एवढीच त्यांना काळजी.

तुम्हाला वाइडबँड घ्यायचा असेल तर सल्ला दादांचाच घ्या. फुकट मिळतो आणि चुकत नाही. फक्त कोल्हापूरपर्यंत लिफ्ट मागू नका. दादा एसटीनं जातात.