कवळी, पित्ताचं औषध आणि ओटा

आमच्या स्वयंपाकघरातला कडाप्पा इमारतीच्या वयाचा होता. आंध्रातल्या कडप्पा भागातून आलेली ही काळी फरशी मुळात चुनखडीचा दगड, त्यामुळे आंबट पदार्थांशी तिचं जन्मजात वैर. आणि आम्ही पडलो कोकणातले. जिथे जिथे आमसुलं भिजली, लिंबं पिळली, चिंचेचा कोळ सांडला, तिथे तिथे पांढुरके डाग उमटले होते. पाहुणे यायच्या आधी आई ओट्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवायची. डाग लपायचे, आणि पाहुणे जिन्यात पोचायच्या आत परत हजर व्हायचे. शेवटी ओटा बदलायचा ठराव झाला. बायकोने मांडला, आईने अनुमोदन दिलं, आणि माझं मत मला नंतर कळवण्यात आलं.

पुण्यात दगड बघायचा म्हणजे कात्रज-कोंढवा रस्ता. तिथे दुतर्फा लाद्या उभ्या करून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या मधून गिऱ्हाईक आडवं होईपर्यंत हिंडतं.

पहिला मान ग्रॅनाइटचा. दुकानदार पिढीजात होता, त्यामुळे फार बोलत नव्हता. "काका, ग्रॅनाइट घ्या आणि विसरून जा," एवढंच म्हणाला. काळा तुकडा नमुना म्हणून घरी आणला. आमचे मामा भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. त्यांनी तो उजेडात धरला, भिंग लावलं आणि जाहीर केलं, "हा ग्रॅनाइट नाही. गॅब्रो आहे." बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा शास्त्राच्या हिशेबात गॅब्रो किंवा डोलेराइट असतं, खरा ग्रॅनाइट इतका काळा नसतोच, असं त्यांनी पाऊण तास सांगितलं. मी ही माहिती दुकानदाराला फोनवर दिली. तो शांतपणे म्हणाला, "गॅब्रो पाहिजे असेल तर मागवावा लागेल, भाव वेगळा पडेल."

पुढचं दुकान क्वार्ट्झचं. तिथली मुलगी टॅबलेट घेऊन आली आणि तिने आधी ग्रॅनाइटची कुंडली मांडली. नैसर्गिक दगडाला बारीक छिद्रं असतात, त्यात तेल मुरतं, फिकट रंगाच्या ग्रॅनाइटमध्ये हळद उतरते, अधूनमधून सीलर मारावं लागतं. ग्रॅनाइटच्या दुकानात यातलं अवाक्षर कुणी काढलं नव्हतं. मग तिने माझ्याच स्कूटरची किल्ली मागून घेतली आणि क्वार्ट्झवर खसाखसा ओढली. ओरखडा नाही! क्वार्ट्झ हे खनिज स्टीलहून कठीण, तेव्हा ओरखडा उठणार नव्हताच. किल्लीचं टोक मात्र जरा गुळगुळीत झालं. त्यावर वॉरंटी नव्हती.

तिथून निघालो ते सॉलिड सरफेसच्या शोरूमला. इथे एसी होता, कॉफी होती, आणि दुकानाला दुकान म्हणायची चोरी होती. 'एक्स्पिरियन्स सेंटर' म्हणायचं. तिथल्या तरुणाने क्वार्ट्झविषयी बोलायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दुखवट्याची छाया होती. "सर, त्यात नव्वद टक्क्यांच्या वर दगडाचा चुरा आणि बाकी चिकटवायला रेझिन. म्हणजे फार गरम भांडं त्यावरही चालत नाही. आणि ऑस्ट्रेलियात तर १ जुलै २०२४ पासून बंदी आहे." बंदी खरी आहे. पण ती ओटा वापरणाऱ्यासाठी नाही, कापणाऱ्यासाठी आहे. कापताना उडणारी सिलिकाची धूळ कामगारांच्या फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. आपल्याकडे हेच काम पाण्याशिवाय, फुटपाथवर, नाकाला फडकं गुंडाळून चालतं. विक्रीच्या सगळ्या बोलण्यात तेवढं एक वाक्य ऐकून हसू आलं नाही.

एव्हाना या धंद्याची रीत माझ्या लक्षात आली होती. तिन्ही दुकानांत कुणीही खोटं बोललं नव्हतं. फक्त प्रत्येकजण शेजारच्याचं खरं सांगत होता. ग्रॅनाइटचे दोष क्वार्ट्झवाल्याकडे, क्वार्ट्झचे दोष सॉलिड सरफेसवाल्याकडे. मग सॉलिड सरफेसचे दोष कुठे? रस्ता तर तिथे संपत होता.

त्या तरुणाचं प्रात्यक्षिक बघण्यासारखं होतं. त्याने पांढऱ्या तुकड्यावर हळद कालवली, लिंबू पिळलं, केचप ओतलं आणि विजयी मुद्रेने लगेच पुसून काढलं. डाग नाही! बायकोने विचारलं, "रात्री सांडलेली हळद सकाळी मावशी आल्यावर पुसली तर?" तो म्हणाला, "मॅडम, आपण लगेच पुसायची." मग त्याने खिशातून चाकू काढून तुकड्यावर सरळ रेघ मारली. इथे मात्र ओरखडा उठला. मी अवघडून इकडेतिकडे बघितलं. पण हाच त्याचा हुकमाचा पत्ता होता. बारीक पॉलिश पेपरने त्याने चार हात घासलं, ओरखडा गेला, आणि तो म्हणाला, "सर, स्क्रॅच येतो, पण जातो!" दोष हातचलाखीने गुणात बदलला. गंमत म्हणजे तेही खरं होतं. हा माल वरपासून खालपर्यंत एकजिनसी असतो, म्हणून घासून पुन्हा नवा करता येतो. दगडाचं तसं नाही. त्याचं पॉलिश गेलं की मशीनवाला बोलवावा लागतो.

"आणि जोड दिसत नाही," तो पुढे म्हणाला. दोन शीट त्याच रंगाच्या चिकटद्रव्याने सांधून घासल्या की सांधा सापडत नाही. सिंकसुद्धा त्याच मालाचं, ओट्यातच उतरलेलं. म्हणजे सिंकच्या कडेला ती काळी चिकट रेघ नाही, जिच्यावर जुने टूथब्रश खर्ची पडतात. इथे बायको विरघळली. तिने ओट्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "गार लागत नाही, नाही?"

मी मात्र माहितीपत्रक घेऊन घरी आलो आणि चष्मा लावून आईसमोर वाचत बसलो. १९६७ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कोरियन या नावाने हा माल बनवला. तेव्हापासून तशाच जातीचे अनेक माल निघाले.

"पण असतं काय त्यात?" आईने विचारलं.

"साधारण दोन भाग अ‍ॅल्युमिना ट्रायहायड्रेट आणि एक भाग अ‍ॅक्रिलिक."

"मराठीत सांग."

मी शोधलं. अ‍ॅल्युमिना ट्रायहायड्रेट म्हणजे बॉक्साइटपासून काढलेलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. पित्तावरच्या कितीतरी औषधांत तेच असतं. मी ज्याच्या बाटल्या रिचवल्यात त्या औषधाच्या लेबलावर ते ठळक छापलेलं निघालं. आणि अ‍ॅक्रिलिक म्हणजे ज्याची कवळी करतात ते. आई क्षणभर गप्प राहिली.

"म्हणजे तुझं पित्ताचं औषध आणि माझी कवळी मिळून ओटा?"

"शास्त्रीयदृष्ट्या तसंच म्हणायला हवं."

"मग त्यावर गरम कढई ठेवून चालायचं नाही," आई म्हणाली आणि उठून वाटाणे सोलायला गेली.

मी मागोमाग गेलो. हे तिला कसं कळलं? "कवळी गरम पाण्यात टाकायची नाही, वाकते, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय," ती म्हणाली. "कोमट चालतं. वड्यांचं तेल काय कोमट असतं?"

रस्त्याच्या शेवटी जे दुकान मला सापडत नव्हतं ते असं घरातच निघालं. मी खोदून वाचलं. या शीटला गोलाई द्यायची असेल तर कारखान्यात ती साधारण १६० अंशांच्या आसपास तापवून वाकवतात. तळणीचं तेल १८० अंशांकडे झुकलेलं असतं. म्हणजे ज्या तापमानाला कारागीर हिला वाकवतो, त्याहून आमची कढई तापट. शोरूममध्ये विचारलं तेव्हा तरुण म्हणाला, "सर, ट्रायव्हेट वापरायचा." ट्रायव्हेट म्हणजे आमच्याकडची लोखंडी तिवई, जी नेमकी हवी तेव्हा कुणाच्यातरी पातेल्याखाली अडकलेली असते.

वॉरंटी १० वर्षांची होती. खालच्या बारीक अक्षरात तिच्यातून उष्णता, आघात, गैरवापर आणि कंपनीच्या अधिकृत माणसाने न बसवलेलं काम एवढं वगळलं होतं. आमच्या घरी ओट्याच्या कडेवर नारळ फुटतो, खलबत्त्यात दाणे कुटले जातात आणि कुकर जिथे जागा मिळेल तिथे टेकतो. वॉरंटी शाबूत ठेवायची तर ओट्यावर फक्त पेपर वाचता आला असता.

मग आलं कोटेशन. तोंडी सांगितलेला भाव स्क्वेअर फुटाचा होता, कागदावरचा रनिंग फुटाचा. ओटा दोन फूट खोल असल्यामुळे या दोन फुटांत दुपटीचं अंतर पडतं, हे दुकानात उभ्या माणसाला सुचत नाही. त्यात कडेची गोलाई वेगळी, सिंकचं कटिंग वेगळं, भिंतीलगतची चढती पट्टी वेगळी, फिटिंग वेगळं, वाहतूक वेगळी. शिवाय शीट येते साधारण बारा फूट लांब आणि अडीच फूट रुंद, आणि आमचा एल आकाराचा ओटा तेरा फूट. म्हणजे एका फुटासाठी दुसरी शीट. "उरलेल्या तुकड्यातून छान पोळपाट करून देतो, सर," तरुण म्हणाला. मी हिशेब केला. पेशव्यांच्या मुदपाकखान्यातही एवढ्या किमतीचा पोळपाट नसेल.

शेवटचा शब्द कारागिराचा होता. तो तिन्ही माल बसवतो, त्यामुळे त्याला कुणाचीच बाजू घ्यायची गरज नव्हती. विडी विझवून तो म्हणाला, "साब, माल कोई भी लो, चूल्हे के कटिंग का कोना गोल रखना." शेगडीसाठी कापलेला चौकोन टोकदार कोपऱ्यांचा ठेवला की ताण त्या कोपऱ्यात साठतो आणि तडा तिथूनच निघतो. शोरूमभर फिरून जे कुठल्याच माहितीपत्रकात मिळालं नाही, ते या एका वाक्यात मिळालं, आणि त्यावर जीएसटी नव्हता.

निर्णय आईने दिला. एलच्या ज्या बाजूला गॅस, तिथे मामांचा गॅब्रो. ज्या बाजूला सिंक, तिथे माझं पित्ताचं औषध. कढई गॅब्रोवर टेकेल, पाणी सांधा नसलेल्या सिंकमध्ये जाईल, एका शीटमध्ये भागेल. नारळ बाल्कनीच्या कठड्यावर. आता ज्या मालाचा जोड दिसत नाही म्हणून एवढं ऐकून घेतलं, त्याचा ग्रॅनाइटशी झालेला काळा-पांढरा जोड आमच्या बाहेरच्या दारातूनही दिसतो.

सोसायटीत कुणाला ओटा करायचा झाला की ते आमच्याकडे बघायला येतात. बायको त्यांना सिंकच्या कडेवरून बोट फिरवायला लावते, आई गोल कोपरा दाखवते, आणि मी चहा येईपर्यंत बॉक्साइटवर बोलतो. आम्ही तिघंही एक शब्द खोटा बोलत नाही. पैसे मोजून बसलेल्या माणसाइतका निष्ठावान विक्रेता कुठल्या दुकानाला पगारावर मिळणं शक्य नाही. म्हणून चहा संपला की मी पाहुण्यांना वरच्या मजल्यावर पाठवतो. तिथे संपूर्ण क्वार्ट्झ बसवलाय. आमच्या ओट्यात काय काय चुकलंय ते त्या घरात लहान मुलांनासुद्धा तोंडपाठ आहे. आणि त्यांच्या ओट्याविषयी ऐकायचं असेल, तर पाहुण्यांनी परत खाली यावं. आम्ही चहा पुन्हा टाकतो.