कडबूचं तोंड

सीताफळाइतकं आडमुठं फळ दुसरं नाही. खडकात उगवतं, पाण्यासाठी अडून बसत नाही, आणि पाला इतका उग्र की शेळीसुद्धा हुंगून पुढं जाते. बालाघाटच्या ज्या डोंगरांवर शेळ्या बाभळीचा काटाही सोडत नाहीत, तिथं सीताफळीची झुडपं खुशाल नांदतात ती यामुळंच. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात माणसांच्या कष्टाचा वाटा किती आणि शेळ्यांच्या नावडीचा किती, हे एकदा कुणीतरी तपासायला हवं.

अशा फळाला चुलीवर चढवलं की ते सूड उगवतं. गर तापला की तांबूस होतो आणि कडू पडतो. म्हणून सीताफळाची बासुंदी करणारा शहाणा माणूस बासुंदी आधी थंड करतो आणि गर मागून घालतो. रबडीचं तेच, आइस्क्रीमचं तेच. शिजायला नकार देणारं फळ आहे ते.

आणि आमच्या घराण्याचा मानाचा पदार्थ कोणता? सीताफळाचे वाफवलेले कडबू.

धर्मापुरीत आमच्या आत्याच्या घरी दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत हे कडबू होतात. 'पूर्वापार' होत आलेत असं आत्या सांगते. पूर्वापार म्हणजे कधीपासून, असं विचारलं की ती हात थेट केदारेश्वराच्या मंदिराकडं करते. मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी आहेत, आणि त्यातल्या एकीच्या हातात सीताफळ आहे, असा आत्याचा दावा. मी जाऊन बघितलं. आत्यानं दाखवलेल्या जागी दगड इतका झिजलाय की तिथं सीताफळही दिसतं, शंखही दिसतो आणि भूक लागली असेल तर बटाटेवडासुद्धा. मी तिला म्हणालो, "आत्या, हे फळ मूळचं अमेरिकेतलं. पोर्तुगीजांनी आणलं म्हणतात. मंदिर त्याच्या कितीतरी शतकं आधीचं." आत्या म्हणाली, "मग नाव सीतेचं कसं पडलं? सीतामाई अमेरिकेला गेली होती व्हय?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

कडबूची तयारी आदल्या रात्री सुरू होते. डोळे उघडलेली फळं, म्हणजे खवल्यांच्या मधल्या खाचा पांढुरक्या झालेली, भुशात अढी घालून पिकवलेली असतात. गर काढायचं काम पुरुषांकडं. यामागं समानतेचा विचार आहे असं नव्या सुनांना सुरुवातीला वाटतं. खरं कारण असं की बायकांना त्या वेळी स्वयंपाकघरात पुरुष नको असतात. चाळणीवर गर चोळायचा, बिया वर राहतात, गर खाली पडतो. निदान पडायला हवा. आत्या शेवटी येऊन पंचनामा करते. एका परातीत बिया, एका पातेल्यात गर. बियांचा ढीग आणि गर तांब्याभर, असं दिसलं की ती काही न बोलता धाकट्या दाजींकडं बघते. दाजी बिया अगदी प्रामाणिकपणे परत टाकतात, आणि त्यातच दरवर्षी सापडतात.

एकदा दाजींनी त्यावर उपाय म्हणून बार्शीकडचं 'एनएमके-१ गोल्डन' आणलं. गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटेंनी काढलेला वाण, फळ मोठं, गर जास्त, बिया कमी. आत्यानं फळ हातात फिरवून बघितलं आणि देवासमोर ठेवून दिलं. कडबूत घेतलं नाही. बिया कमी म्हणजे हिशोब लागायचा कसा? अंबाजोगाईच्या संशोधन केंद्रानं काढलेल्या 'धारूर-६'ला मात्र तिची हरकत नसते. धारूर आपल्या जिल्ह्यात आहे, एवढं कारण तिला पुरतं.

आता मुद्द्याची गोष्ट. फळ तापलं की कडू होतं, कडबू तर वाफेवर उकडतात, मग आमचे कडबू गोड कसे? हे घराण्याचं गुपित. आत्या मराठी मासिकं वाचत नाही, त्यामुळं इथं सांगायला हरकत नाही.

कणीक घट्ट भिजवायची. पारी लाटून आत तूप लावायचं, वर तांदळाची पिठी भुरभुरायची, अर्धचंद्रासारखी दुमडायची. कडेला मुरड घालायची, पण पूर्ण नाही, बोटभर तोंड उघडं ठेवायचं. आणि असे *रिकामे* कडबू चाळणीवर ठेवून उकडायचे. तूप-पिठीमुळं आतल्या भिंती चिकटत नाहीत. कडबू पूर्ण निवले की परतून थंड केलेला खवा, पिठीसाखर, वेलदोडा आणि कच्चा गर कालवून त्या तोंडातून आत सोडायचा. वरून खव्याची गोळी लावून तोंड बुजवायचं. संपलं. फळाला विस्तव दिसलेलाच नाही, आणि पाहुण्याला वाटतं की सगळं एकत्र उकडलंय.

आमची भाची परदेशी पाककृती बघत असते. तिनं सांगितलं की चेक लोक अख्खं प्लम किंवा जर्दाळू पिठात गुंडाळून सरळ उकळत्या पाण्यात सोडतात. "आपण उगीच दोनदा खटपट करायलाव," ती म्हणाली. आत्यानं शांतपणे विचारलं, "त्या फळात बिया किती?" "एक." "मग त्यांचं बरोबर आहे," आत्या म्हणाली आणि विषय युरोपासह मिटला.

त्याच भाचीनं फोनवर सगळी कृती टिपायचं ठरवलं. आत्यानं अडवलं नाही, उलट पदर सावरून बसली. कणीक, पारी, तूप, पिठी, सगळं सावकाश सांगितलं. कडबू चाळणीवर गेले. मग म्हणाली, "बाळे, शेजारून जरा वेलदोडे आण बरं." वेलदोड्याचा डबा तिच्या मांडीखाली होता. भाची परत येईपर्यंत कडबू भरून, तोंडं बुजवून, ताटात मांडून तयार. पोरीनं ताटाचा छान फोटो काढला आणि कृती गावभर गेली.

पुढच्या आठ-पंधरा दिवसांत गल्लीत घरोघरी सीताफळाचे कडबू झाले. अर्थात गर आत भरून, मग उकडून. एक वहिनी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "आत्याबाई, सगळं तुमच्यासारखंच केलं, तरी कडू झाले." आत्या त्यांच्या घरी गेली. एक कडबू पूर्ण खाल्ला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग विचारलं, "पाणी कुठलं घेतलं?"

"बोअरचं."

"तरीच," आत्या म्हणाली.

आता आमच्या गल्लीत सीताफळाच्या दिवसांत आडाला गर्दी असते.