सौ.साठी फॅमिली पेन्शन

वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या मारताना शेजारणीला सहज विचारून पाहा, "अहो, तुमच्या यांचा पीपीओ नंबर काय?" ती हातातला दोरा तसाच धरून तुमच्याकडे अशी बघेल, जसे काही तुम्ही अभद्र बोललात. बोललातच. पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, पेन्शनचा हुकूम. सरकारी नोकराच्या बायकोला पेन्शन सुरू होते ती नावामागचे 'सौ.' गेल्यावर, मग सणासुदीला हा विषय काढायचा कोणी? म्हणून हे मार्गदर्शन. प्रस्तुत लेखक केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेला असून अद्याप हयात आहे. तसा दाखला तो दर नोव्हेंबरात देतो.

सर्वप्रथम आपण कोण, हे ठरवा. समजा, माहेरी तुम्ही शालन. लग्नात नवरदेवाने ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुनंदा' काढले, पेढे वाटले गेले आणि शालन संपली. शाळेच्या दाखल्यावर मात्र ती ठणठणीत आहे. सर्व्हिस बुकात सुनंदा, आधारवर सुनंदाबाई, बँकेत नुसतेच 'एस.' खिडकीपलीकडचा कारकून चष्मा वर सारून विचारतो, "यातल्या नेमक्या तुम्ही कोणत्या?" हा प्रश्न भल्याभल्या साधकांना हिमालयात जाऊनही सुटलेला नाही. तेव्हा नावांचा हा घोळ नवरा असतानाच निस्तरून घ्या. रांगेत उभे राहायला तो बरा पडतो.

मग फोटो. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. आम्ही गेलो तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला, "काका, जरा जवळ सरका." सरकलो. "काकू, थोडं हसा." ही म्हणाली, "कशाला? सरकारला तर द्यायचाय." तो फोटो साहेबांनी सहीशिक्क्यानिशी साक्षांकित केला. आमच्या लग्नाच्या अल्बमलाही एवढा मान मिळालेला नाही.

आता हिशेब. हे प्रकरण अवघड आहे. चहा घेऊन बसा. जुन्या पेन्शनमधल्या नवऱ्याचे शेवटचे मूळ वेतन 60,000 धरू. त्याची पेन्शन निम्मी, म्हणजे 30,000. त्यातली 40 टक्क्यांपर्यंत तो विकू शकतो. याला अंशराशीकरण म्हणतात आणि त्या पैशांत बहुधा गावाकडच्या घराचा स्लॅब पडतो. मग 15 वर्षे दरमहा 12,000 कापून त्याच्या हाती येतात 18,000, वर महागाईची वाढ. पण ही कपात नवऱ्याच्या जिवाशी बांधलेली. तो गेला की बायकोच्या पेन्शनला ती लागत नाही. तिला सुरुवातीला वाढीव दराने पूर्ण 30,000 मिळतात. हा परिच्छेद नवऱ्यासमोर मोठ्याने वाचू नये.

हा वाढीव दर किती दिवस? इथे सरकारने आपल्या परंपरेचा मान राखून सातच आकडा धरला आहे. जन्म नव्हे, वर्षे. 7 वर्षे, किंवा नवरा 67 वर्षांचा झाला असता ती तारीख, यांत जे आधी येईल तोवर. म्हणजे सरकारदरबारी नवरा गेल्यानंतरही म्हातारा होत राहतो. तो 64व्या वर्षी गेला, तर वाढीव दर तीनच वर्षे. त्यानंतर मूळ वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 18,000, अधिक महागाई. घरी फार त्रास देणाऱ्या नवऱ्यालाही ही तारीख सांगून पथ्यपाणी नीट पाळायला लावता येते.

1 जानेवारी 2004 पासून नोकरीला लागलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे आधी एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आले आणि 1 एप्रिल 2025 पासून यूपीएसचा (एकीकृत पेन्शन योजनेचा) पर्याय. त्यात पेन्शनरामागे जोडीदाराला त्याच्या पेन्शनच्या 60 टक्के. त्या मंडळींचे मार्गदर्शन त्यांच्या मोबाइलने करावे.

पुढे दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचे असते. ऐंशी ओलांडलेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. जन्मभर भांडी घासून बोटांचे ठसे पुसले गेले असतील, तर यंत्र तुम्हाला ओळखणार नाही. घाबरू नका, आता चेहरा दाखवूनही काम होते. त्या अर्जात 'पुनर्विवाह केला आहे काय?' असाही एक प्रश्न असतो. बयाऐंशीच्या आजीलाही तो विचारतात. लाजू नये, 'नाही' लिहावे.

ही सारी मेहेरबानी समजून कोणापुढे वाकू मात्र नका. पेन्शन ही खैरात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्यात सांगून टाकले आहे. देशभरचे पेन्शनर तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

आमच्या घरातला पीपीओ कपाटात, डावीकडे, विम्याच्या फायलीखाली आहे. हिला मी तो तीनदा दाखवला. तिन्ही वेळा "शुभ बोल नाऱ्या" म्हणून ही उठून गेली. तुमच्याकडचा कुठे आहे, ते आज दिवेलागणीच्या आत विचारून ठेवा.