येडे, मुक्काम पोस्ट येरमाळा

आमचं आडनाव येडे. हसून घ्या, मग पुढं वाचा.

गेल्या महिन्यात लेकीच्या दाखल्यावर एका कचेरीनं ते 'वेडे' करून दिलं. तक्रार केली तर टेबलामागचे भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "खेड्यात वेळेला येळ म्हणता, वेशीला येस म्हणता. अर्ज बोलीभाषेत भरला होता तुम्ही. आम्ही शुद्ध करून घेतला." वर, आभार माना, अशी नजर.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही नुसते येडे होतो. आता प्रमाणित वेडे झालो, गोल शिक्क्यासकट.

आणि हे कुठं, तर येडेश्वरीच्या पायथ्याला! सीतेचं रूप घेऊन ती रामाची परीक्षा बघायला गेली, रामानं ओळखलं आणि तिला येडी म्हटलं, म्हणून ती येडाई, अशी इथली कथा. रामानं येडी म्हटलं खरं, पण शुद्ध करून नाही घेतलं. तिच्या चैत्री यात्रेत भाविक चुन्याचे खडे वेचतात. चुना लावायचं खातं वेगळं.

पण त्या 'व'नं आमची झोप उडवलीय. 'ये'चा 'वे' हाच नियम असेल तर येवल्याची पैठणी वेवल्याची करा, येरवड्याचं वेरवडा करा. येरवड्यावरून आठवलं. पुण्यात फोनवर "येरमाळ्याचे येडे बोलतोय" म्हटलं की पलीकडं ऐकू जातं 'येरवड्याचे वेडे'. क्षणभर शांतता, मग आवाज एकदम प्रेमळ होतो : "काका, जवळ दुसरं कुणी आहे का?" हेही सोसलं. पण शुद्धीची ही खोड जुनी आहे. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं शेतात जाऊन भज्जी-आंबील खायची, ती येळवस. मूळ कानडी एळ्ळ अमावास्या. एळ्ळु म्हणजे तीळ. कुणा शहाण्याला वाटलं, गावंढळ लोक वेळेला येळ म्हणतायत. झाली 'वेळ अमावस्या'! कॅलेंडरात तीच छापतात. तिळाचा घड्याळाशी काय संबंध? दिसायला सारखे म्हणून शब्द सख्खे भाऊ होत नाहीत, हे बालवाडीतल्या पोराला कळतं. पण आमच्या तोंडातला प्रत्येक 'ये' यांना पडलेला दात वाटतो आणि हे कवळी घेऊन धावत येतात. विचारायचं नाही, सरळ बसवायची! २०२३ साली अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं, तेव्हा जिल्ह्याकडं कुणी शाळा सोडल्याचा दाखला मागितला नाही. आम्हाला मात्र त्यांनीच घातलेलं एक अक्षर काढायला प्रतिज्ञापत्र, राजपत्र, जाहिरात. मजकूर काय, तर 'मी, वेडे, यापुढे येडे या नावाने ओळखला जाईन.'

काल कागदांचा गठ्ठा घेऊन गेलो. भाऊसाहेब दप्तर आवरत होते. मान वर न करता म्हणाले,

"आता येळ न्हाई. येळवस झाली की या."