डिटेल्सवाले काका

प्लंबरला चार फोन करावे लागतात, इलेक्ट्रिशियन 'निघालोच' म्हणून दोन दिवस निघालेलाच असतो. कॉम्प्युटरवाले काका मात्र न बोलावता येतात. प्रत्येक सोसायटीत ते असतात. बारशाचा पेढा घ्यायला म्हणून आलेले असतात, तेवढ्यात कोपऱ्यातला उघडा लॅपटॉप दिसतो आणि पेढा हातातच राहतो.

"वहिनी, हे असं का ठेवलंय?"

वहिनी पदराने टेबल पुसायला लागतात. पण काकांना धूळ दिसलेलीच नसते. त्यांना दिसलेला असतो एक फोल्डर, आणि त्यात 'एक्स्ट्रा लार्ज आयकॉन्स'मध्ये ऐसपैस पसरलेल्या फायली.

काकांच्या लेखी फाइल बघायची सभ्य पद्धत एकच, ती म्हणजे डिटेल्स. नाव, तारीख, प्रकार, आकार, असे चार रकाने. हा गुण बँकेतला. सरकारी बँकांमधून २०००-०१ च्या सुमारास स्वेच्छानिवृत्ती घेऊन जी मंडळी बाहेर पडली, त्यांच्यातले ते. हाताने लिहिलेलं लेजर आणि नंतर आलेला कॉम्प्युटर, दोन्ही त्यांनी एकाच टेबलावर पाहिली. आखलेला रकाना नसेल तर हिशेब लागत नाही, यावर त्यांची श्रद्धा आहे.

मग पेढा तोंडात जातो आणि माउस हातात येतो. व्ह्यू, डिटेल्स, फोल्डर ऑप्शन्स, 'अप्लाय टु फोल्डर्स'. हे बटण फक्त त्याच जातीच्या फोल्डरांना लागू होतं. फोटोंचा फोल्डर दाद देत नाही. काका त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये शिरतात, 'कस्टमाइज'वर जातात, 'पिक्चर्स'चं 'जनरल आयटम्स' करतात आणि मग तोही शिस्तीत येतो. संध्याकाळी वहिनी मुंजीचे फोटो उघडतात तेव्हा मातृभोजन, भिक्षावळ आणि रुसलेली आत्या, सगळे एकाखाली एक 'आयएमजी' आणि पुढे आकडे होऊन उभे असतात. आत्या नेमकी कोणत्या आकड्यात आहे, हे कळायला मार्ग नसतो.

दुसरी मोहीम एक्स्टेन्शनची. फायलीच्या नावाचं शेपूट विंडोज मुळात लपवून ठेवतं, आणि हे काकांना अजिबात खपत नाही. इथे ते मे २००० मधल्या 'लव्ह लेटर' व्हायरसची कथा सांगतात. ज्यांनी ऐकली आहे त्यांनाही सांगतात. ईमेलबरोबर फाइल यायची, नावाच्या शेवटी 'डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. शेवटचा तुकडा लपलेला, म्हणून लोकांना वाटायचं की साधा मजकूर आहे. प्रेमपत्र म्हणून उघडलं आणि फिलिपिन्समधून निघालेला तो उपद्व्याप जगभर पसरला. "नाव पूर्ण दिसलं असतं तर?" असं विचारून काका सगळ्यांकडे पाहतात. बारशाला आलेल्या पाहुण्यांकडे याचं उत्तर नसतं.

मुद्दा बिनतोड आहे. फक्त त्याचा पुढचा अंक काकांना दिसत नाही. शेपटं दिसायला लागली की चिरंजीव फाइलचं नाव बदलताना शेपटासकट पुसतात. 'फाइल निरुपयोगी होऊ शकते' असा इशारा येतो. तो न वाचता 'येस' केलं जातं. फाइल उघडेनाशी होते. काकांना बोलावणं जातं.

लपलेल्या फायलीही ते उघड करतात. साध्या लपलेल्या तर करतातच, पण विंडोज ज्यांना हात लावू नका म्हणून बजावतं त्यासुद्धा. लगेच डेस्कटॉपवर 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाच्या दोन फिकट फायली उगवतात. त्या तिथे आधीपासूनच असतात आणि निरुपद्रवी असतात, हे सांगायचं काका विसरतात. घरचे आठवडाभर त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करत नाहीत.

पण काकांची खरी योग्यता दिसते ती एरर आल्यावर.

"काका, एरर आलाय."

"काय लिहिलंय?"

"एररच लिहिलंय."

"त्याच्या पुढे?"

"ओके केलं मी."

काका डोळे मिटतात. मग प्रोग्राम पुन्हा उघडायला लावतात, चौकट आली की चष्मा पुसतात आणि पोथी वाचावी तसा स्वच्छ उच्चार करत मजकूर वाचतात. एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल सापडत नाही. भाचा म्हणतो, ती एक फाइल कुठूनही डाउनलोड करू. काका असे ओरडतात की बाळ उठतं. कुठलीतरी सुटी डीएलएल आणायची नसते. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचं पॅकेज घालायचं असतं. ते घालतात आणि प्रोग्राम चालू होतो. झीरो एक्स सी, पाच झीरो, सात, बी असा आकडा आला तर बहुतेक वेळा बत्तीस बिटचं काहीतरी चौसष्टमध्ये घुसलेलं असतं, हेही त्यांना पाठ आहे.

वार्षिक सभेच्या आदल्या रात्री सेक्रेटरींच्या नव्या मशीनवर इतिवृत्त उघडलं तर 'मा. सभासद' गायब आणि जागोजागी रोमन अक्षरं, डॉलर, टोपीवाली चिन्हं. कमिटीने व्हायरसचा ठराव जवळजवळ मंजूर केला होता. काकांनी वरच्या पट्टीतलं फॉन्टचं नाव वाचलं आणि म्हणाले, "अहो, युनिकोडच्या आधीचा मराठी फॉन्ट आहे हा. या मशीनवर तो नाही, दुसरं काही झालेलं नाही." खजिनदारांचा यावर अजून विश्वास बसलेला नाही.

प्रिंटरचं नाव काढलं की मात्र काकांना दूध आणायचं आठवतं.

ना कुठला कोर्स, ना पदवी. समोर आलेलं ते शेवटच्या शब्दापर्यंत वाचतात, एवढंच त्यांचं ज्ञान आहे, आणि आख्ख्या सोसायटीत ते त्यांच्या एकट्याकडे आहे. दुर्गुणही एकच. स्वतःच्या डोळ्यांना जे बरं दिसतं ते ते दुसऱ्याच्या मशीनवर लावून जातात.

तेव्हा काका येण्याआधी एररच्या चौकटीवर 'ओके' करू नका. मोबाइलने फोटो काढा, किंवा कंट्रोल-सी दाबा, बहुतेक चौकटींतला मजकूर कॉपी होतो. आणि काका जिना उतरले की फोटोंच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, कस्टमाइज आणि पुन्हा 'पिक्चर्स'. आत्या सापडेल. एक्स्टेन्शनला मात्र हात लावू नका. तिथे काका बरोबर आहेत.